आठव्या सर्व्हरचं काय?

आजचा लेख एका शोधनिबंधावर आहे. निबंध उत्तम आहे, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे त्याच्यावर टीका करायची आहे आणि उगाच त्याच्या नावानं खडे फोडतेय असं कोणाला वाटायला नको. २०१३ साली इयन रे आणि त्यांच्या गूगलमधल्या सहकाऱ्यांनी व्हीएलडीबी या डेटाबेस क्षेत्रातल्या मोठ्या परिषदेत तो मांडला. गूगलच्या जाहिरातींचा सगळा हिशेब ज्या ‘एफ-वन’ नावाच्या डेटाबेसवर चालायचा, त्याच्याबद्दलचा हा निबंध. प्रश्न असा की, पुष्कळ सर्व्हर एकच डेटाबेस वापरत आहेत, काम क्षणभरही थांबवायचं नाही, आणि तरीही त्या डेटाबेसची रचना बदलायची आहे. कशी बदलायची?

माझ्या पीएचडीचा विषय याच प्रश्नाच्या शेजारी आहे. गावाकडे कोणी विचारलं की मी सांगते, ‘बँकेत सर्व्हर डाऊन असतो ना, तो का होतो ते शोधतेय.’ लोकांना ते लगेच पटतं. पण खरं सांगायचं तर सर्व्हर बंद पडणं हा या विषयातला सौम्य प्रकार आहे. सर्व्हर चालू राहून चुकीची नोंद करतो, तो प्रकार जास्त वाईट. या निबंधावरची माझी मुख्य तक्रारही त्याच्याशीच जोडलेली आहे.

आधी मांडणी समजून घेऊ

कन्नड किंवा वैजापूरच्या शाखेत तुम्ही पासबुक भरायला जाता. तुमचं खातं त्या शाखेतल्या संगणकात नसतं. कोअर बँकिंग आल्यापासून शाखेचा संगणक फक्त खिडकी आहे. त्याची विनंती दूरच्या डेटा सेंटरला जाते. तिथे दारातच एक लोड बॅलन्सर असतो. जत्रेतल्या दर्शनबारीसारखं त्याचं काम : आलेल्या माणसाला या रांगेत नाहीतर त्या रांगेत सोडायचं. रांगेच्या टोकाला अॅप्लिकेशन सर्व्हर असतात, समजा आठ. व्याज मोजणं, मर्यादा तपासणं, नोंद तयार करणं हे सगळं ते करतात. आणि या आठांच्या मागे डेटाबेस एकच. आठ कारकून, खतावणी एक.

आठ कारकून का ठेवतात, हे उघड आहे. एक आजारी पडला तरी काम चालतं, आणि गर्दी वाटली जाते. खतावणी एकच का, हेही उघड आहे. दोन खतावण्या असल्या तर तुमच्या खात्यात नक्की किती पैसे आहेत याची दोन उत्तरं निघतील.

आता सॉफ्टवेअर कंपनीकडून पॅच येतो. सुरक्षेतलं भगदाड बुजवायला, नियम बदलला म्हणून, किंवा नवीन सोय म्हणून. पॅचचे साधारण दोन भाग असतात. एक प्रोग्रामचा, जो आठही सर्व्हरवर वेगवेगळा बसवावा लागतो. दुसरा डेटाबेसच्या रचनेचा, जो एकदाच चालवायचा. ओरॅकलच्या अनेक नोड असलेल्या डेटाबेसमध्येसुद्धा हीच विभागणी दिसते. ‘ओपॅच’ प्रत्येक नोडवर चालतं, आणि नंतर ‘डेटापॅच’ कुठल्यातरी एका नोडवरून, अख्ख्या डेटाबेससाठी एकदाच.

इथेच गाठ बसते. पहिला भाग एकेक करून उरकता येतो. एक सर्व्हर रांगेतून बाजूला काढा, पॅच बसवा, परत रांगेत घ्या, मग पुढचा. याला रोलिंग पॅच म्हणतात आणि ‘शून्य डाउनटाइम’ची जाहिरात याच्याच जोरावर चालते. पण दुसरा भाग एकेक करून होत नाही, कारण खतावणीच एक आहे. तिची रचना बदलली त्या क्षणी ती जुन्या कारकुनांसाठीही बदलली आणि नव्यांसाठीही. मधल्या वेळात काही कारकून जुन्या पद्धतीनं लिहितायत, काही नव्या, आणि वही तीच.

सातबारा आणि आठ-अ

मधल्या वेळात नक्की काय बिघडतं हे समजायला आपल्या ओळखीचं उदाहरण घेऊ. सातबारा गटनिहाय असतो : या गटाचं क्षेत्र किती, नाव कोणाचं, पीक कोणतं. आठ-अ खातेदारनिहाय असतो : या माणसाच्या नावावर गावात कुठे कुठे किती जमीन. माहिती एकच, शोधायच्या वाटा दोन. डेटाबेसच्या भाषेत आठ-अ म्हणजे सातबाऱ्यावरचा इंडेक्स.

समजण्यापुरतं एक काल्पनिक कार्यालय घेऊ, जिथे आजवर फक्त सातबारा होता. परिपत्रक आलं : आजपासून आठ-अ सुद्धा ठेवा. चार टेबलांपैकी पहिल्या टेबलावर परिपत्रक पोचलं, चौथ्यावर अजून नाही. सकाळी पहिल्या टेबलावर एक नोंद झाली. त्या कारकुनानं ती सातबाऱ्यात लिहिली आणि आठ-अ मध्येही. दुपारी तीच नोंद रद्द करायचा आदेश चौथ्या टेबलावर गेला. त्या कारकुनानं सातबाऱ्यातून ती काढली. आठ-अ नावाचं काही आहे हेच त्याला ठाऊक नाही, त्यामुळे तिथे ती तशीच राहिली. संध्याकाळी आठ-अ अशी जमीन दाखवतो जी सातबाऱ्यावर नाही. त्या उताऱ्यावर कोणी पीककर्ज मागायला गेला तर?

यात कोणी चूक केलेली नाही, हे लक्षात घ्या. दोघांनीही आपापल्या परिपत्रकाप्रमाणे बरोबर काम केलं. प्रत्येक सर्व्हर स्वतंत्रपणे तपासला तर दोन्ही उत्तीर्ण होतील. चूक दोघांच्या मध्ये आहे. प्रोग्राम कितीही बारकाईनं वाचला तरी ती सापडत नाही, ती याचमुळे.

निबंधाचं उत्तर

रे आणि सहकाऱ्यांचं उत्तर इतकं साधं आहे की वाचल्यावर वाटतं, हे आधी कसं सुचलं नाही. एका परिपत्रकाऐवजी तीन काढायची.

पहिलं : आठ-अ नावाची वही आहे. तिच्यात काही लिहू नका, तिच्यातून काही वाचू नका. फक्त एखादी नोंद रद्द केली तर तिथूनही काढा.

दुसरं : आता नवीन नोंदी तिथेही लिहा. पण वाचू नका. हे परिपत्रक सगळीकडे पोचलं की जुन्या नोंदीही भरून घ्यायच्या.

तिसरं : आता वाचा.

नियम एकच. कोणत्याही क्षणी कार्यालयात जास्तीत जास्त दोन लागोपाठची परिपत्रकं चालू असावीत. आता जोड्या तपासून बघा. कोणाकडे काहीच नाही आणि कोणाकडे पहिलं : लिहीत कोणीच नाही, म्हणून भूत-नोंद तयारच होत नाही. कोणाकडे पहिलं, कोणाकडे दुसरं : एक लिहितो, दुसरा काढताना दोन्हीकडून काढतो. एखादी नोंद आठ-अ मध्ये राहून गेली तरी अजून कोणी तिथून वाचत नाही, आणि नंतरच्या भरणीत ती येते. कोणाकडे दुसरं, कोणाकडे तिसरं : दोघंही दोन्ही वह्या पूर्ण ठेवतात. म्हणजे प्रत्येक पायरी सुरक्षित. काम एक सेकंदही थांबवलं नाही.

आणि ‘जास्तीत जास्त दोन’ हा नियम पाळला जातोय याची खात्री कशी? प्रत्येक सर्व्हरला आपल्याकडचं परिपत्रक ठरावीक मुदतीनंतर नव्यानं तपासून घ्यावं लागतं. ज्याला तसं करता आलं नाही, त्यानं स्वतःहून काम बंद करायचं. जुनाट माहितीवर काम करत राहण्यापेक्षा थांबलेलं बरं. निबंधातलं हे मला सगळ्यात शहाणपणाचं वाक्य वाटतं, आणि दुर्दैवानं इतरांनी सगळ्यात कमी उचललेलंही.

पहिला आक्षेप : मोजणार कोण?

निबंध धरून चालतो की सगळे सर्व्हर एकाच मालकाचे, एकाच साच्यातले आणि एकाच यंत्रणेच्या नजरेखाली आहेत. गूगलमध्ये ते खरं असेल. बाहेरच्या जगात काय होतं, त्याचं उदाहरण निबंध यायच्या एक वर्ष आधीच घडलं होतं.

नाइट कॅपिटल ही अमेरिकेतली शेअर दलाली कंपनी. १ ऑगस्ट २०१२ ला न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंजची एक नवी सोय सुरू होणार होती, तिच्यासाठी कंपनीनं आपल्या ऑर्डर पाठवणाऱ्या आठ सर्व्हरवर नवा कोड बसवायला घेतला. सातवर बसला. आठव्यावर राहून गेला. नव्या कोडनं जे चिन्ह वापरलं होतं, तेच चिन्ह जुन्या, कित्येक वर्षं बंद असलेल्या ‘पॉवर पेग’ नावाच्या कोडसाठी पूर्वी वापरलं जायचं. आठव्या सर्व्हरवर तो जुना कोड अजून जिवंत होता. बाजार उघडला आणि ग्राहकांच्या २१२ ऑर्डरींच्या बदल्यात त्यानं सुमारे ४५ मिनिटांत १५४ कंपन्यांच्या शेअरमध्ये ४० लाख व्यवहार करून टाकले. तोटा ४६ कोटी डॉलरच्या वर. कंपनी स्वतःच्या पायावर उभी राहू शकली नाही.

अमेरिकेच्या सेक या नियामकानं ऑक्टोबर २०१३ मध्ये या प्रकरणाचा आदेश काढला, दंड १ कोटी २० लाख डॉलर. त्या आदेशातला तपशील वाचण्यासारखा आहे. बसवणाऱ्याचं काम दुसऱ्या कोणी तपासलं नव्हतं, आणि तसं तपासावं असा लेखी नियमही नव्हता. बाजार उघडण्याआधी यंत्रणेनं आपणहून ९७ ई-मेल पाठवले होते. त्यांत पॉवर पेगचा उल्लेख होता. कोणी लक्ष दिलं नाही, कारण ते ई-मेल धोक्याची घंटा म्हणून ठरवलेलेच नव्हते.

इथे थोडं गणित करू. आठांपैकी एक सर्व्हर जुना राहिलाय. पॅचनंतर तुम्ही लोड बॅलन्सरमधून पाच वेळा तपासणी केली, आणि तो प्रत्येक वेळी कुठल्याही सर्व्हरकडे पाठवू शकतो असं धरा. पाचही वेळा नव्याच सर्व्हरकडे जाण्याची शक्यता सात भागिले आठचा पाचवा घात, म्हणजे सुमारे ५१ टक्के. निम्म्याहून जास्त वेळा तुम्ही ‘सगळं ठीक’ असा शेरा मारून घरी जाल. चूक निसटण्याची शक्यता एक टक्क्याखाली आणायची तर अशा ३५ तपासण्या लागतात. आणि लोड बॅलन्सर टाळून थेट प्रत्येक सर्व्हरला ‘तुझी आवृत्ती कोणती?’ असं विचारलं तर? आठ. एवढंच. तरीही पुढच्या दारानंच तपासण्याची सवय जात नाही, कारण ग्राहकही तिथूनच येतो आणि ते ‘खरं’ वाटतं.

बरं, मोजूनही भागत नाही. सगळे सर्व्हर खरोखर सारखे आहेत का, हा पुढचा प्रश्न. ब्रिटनमधल्या टीएसबी बँकेनं एप्रिल २०१८ मध्ये सुमारे ५२ लाख ग्राहक जुन्या यंत्रणेवरून नव्या यंत्रणेवर हलवले. दोन डेटा सेंटर एकाच वेळी काम करतील अशी रचना होती. ताण सहन होतो का याची चाचणी मात्र दोनपैकी एकाच सेंटरवर झाली. दोघांच्या मांडणीत फरक होते. १९ लाख लोकांना आपल्याच खात्यात शिरता येईना. डिसेंबर २०२२ मध्ये बँकेला ४ कोटी ८६ लाख पौंडांहून जास्त दंड झाला. ‘दुसरं पहिल्यासारखंच आहे’ हे गृहीतक किती महागात पडतं, त्याचा हा हिशेब.

दुसरा आक्षेप : परिपत्रक आपलं नसतं

तीन पायऱ्यांची युक्ती चालते ती कधी? जेव्हा कोड लिहिणारा आणि तो चालवणारा एकच असतो. गूगलला एक बदल तीन भागांत तोडता येतो. आपल्याकडच्या बँका, विद्यापीठं, महापालिका जे सॉफ्टवेअर चालवतात ते विकत घेतलेलं असतं. विक्रेता एकच गठ्ठा पाठवतो, त्यात प्रोग्रामही आणि रचनाबदलही. तो चालवणाऱ्या माणसाला मधल्या पायऱ्या दिसतच नाहीत, मग तो त्या पाळणार कशा?

विक्रेत्यांनी यावर काहीच केलं नाही असं नाही. ओरॅकलच्या ई-बिझनेस सूटची १२.२ ही आवृत्ती २०१३ सालीच आली, आणि तिच्यातला उपाय मला मनापासून आवडतो. प्रोग्रामच्या फायलींच्या दोन प्रती ठेवायच्या, एक चालू आणि एक पॅचसाठी. डेटाबेसच्या आतही कोडच्या दोन ‘एडिशन’. टेबल मात्र एकच. त्याच्याकडे दोन वेगळ्या खिडक्यांतून बघायचं, आणि जुन्या रूपातली नोंद नव्या रूपात नेण्यासाठी मध्ये ट्रिगर ठेवायचे. लोक काम करत असताना पॅच दुसऱ्या प्रतीवर चढतो, आणि शेवटी ‘कटओव्हर’ करून सगळे नव्या बाजूला येतात.

पण हे सगळं ‘ऑनलाइन पॅचिंग’ या नावाखाली सांगितलं जातं, तेव्हा ऐकणाऱ्याच्या कानावर फक्त ‘ऑनलाइन’ पडतं. कटओव्हरला सेवा थोडा वेळ थांबतेच. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, कटओव्हरच्या आधी पॅच सोडून देता येतो, नंतर नाही. मागे यायचं तर बॅकअपकडे हात पसरावे लागतात, आणि मधल्या वेळात झालेल्या व्यवहारांचं काय हा प्रश्न उभा राहतो. मार्गदर्शक पुस्तिकेत हे लिहिलेलं आहे. विक्रीच्या सादरीकरणात ते कोणी मोठ्या अक्षरात दाखवत नाही.

तिसरा आक्षेप : मागे येणं हाही पॅचच

एफ-वनच्या निबंधात पुढे जाण्याचा विचार बारकाईनं केलाय. बिघडल्यावर माणसं काय करतात, याचा नाही. माणसं घाबरतात आणि ‘कालचं होतं तसं करून टाका’ म्हणतात.

नाइट कॅपिटलमध्ये त्या ४५ मिनिटांत नेमकं हेच झालं. गोंधळ नव्या कोडमुळे आहे असं समजून ज्या सात सर्व्हरवर तो व्यवस्थित बसला होता, तिथून काढून टाकला. परिणाम उलटा. आधी एकच सर्व्हर जुना कोड चालवत होता, आता आठही चालवायला लागले.

ब्रिटनच्या आरबीएस गटात १७ जून २०१२ ला रात्रीची कामं क्रमानं लावणाऱ्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बसवली. काहीतरी बिनसतंय असं दिसल्यावर ती काढून जुनी परत आणायचं ठरलं. पण काढून टाकल्यावर काय होईल, याची चाचणी आधी केलेली नव्हती. दिवसअखेरची कामं तुंबली, एका दिवसाचं दुसऱ्या दिवसावर चढलं, आणि ६५ लाखांहून जास्त ग्राहकांना त्याचा फटका बसला. पगार जमा दिसेनात, हप्ते जाईनात. अल्स्टर बँकेच्या ग्राहकांचे हाल जुलैपर्यंत चालले. दंड ५ कोटी ६० लाख पौंड. इथे मूळ पॅचपेक्षा तो मागे घेण्यानं जास्त नुकसान केलं.

कारण डेटाबेस सामायिक आहे. प्रोग्रामची जुनी प्रत जपून ठेवता येते, पण मधल्या काळात लोकांनी जे व्यवहार केले ते जुने होत नाहीत. नव्या पद्धतीनं लिहिलेली नोंद जुन्या कारकुनाला वाचता येईल का? या प्रश्नाचं उत्तर पॅच बसवायच्या आधी माहीत नसेल, तर ‘रोलबॅकची सोय आहे’ हे वाक्य म्हणजे नुसता धीर देणं झालं.

मग मोजायचं काय?

आता मुख्य तक्रार. या निबंधानं, आणि त्याच्यानंतर आलेल्या बहुतेक कामानं, यशाची फूटपट्टी एकच धरली : सेवा किती वेळ थांबली. सेकंदात, मिलिसेकंदात. तेवढ्याचे आलेख काढले की निबंध पूर्ण.

या मोजमापात ग्राहक दिसत नाही. निराधार योजनेचे पैसे काढायला तालुक्याला आलेली आजी ‘आज मशीन बंद आहे, उद्या या’ हे ऐकून चिडेल, तिचं एसटीचं भाडं आणि एक दिवस वाया जाईल. हे नुकसान खरं आहे आणि त्याला कमी लेखू नये. पण तिच्या खात्यातून पैसे गेल्याची नोंद झाली आणि हातात पैसे आले नाहीत, तर तिला पुढचे कित्येक दिवस सिद्ध करत बसावं लागतं की ती खोटं बोलत नाही. कागद तिच्या विरुद्ध असतो. पहिल्या प्रकाराला आमच्या निबंधांत आकडा आहे. दुसऱ्याला नाही.

यावर मला नेहमी मिळणारं उत्तर : मग रात्री दोन तास सगळं बंद ठेवा आणि निवांत पॅच करा. पूर्वी ते शक्य होतं. पण एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास झालं, आरटीजीएस १४ डिसेंबर २०२० पासून. यूपीआय तर कधी झोपतच नाही. रात्रीचा रिकामा वेळ संपला. म्हणून शून्य डाउनटाइमचं संशोधन चुकीचं आहे असं मी म्हणत नाहीये. ते हवंच आहे. माझं म्हणणं एवढंच की ते अर्धं आहे, आणि उरलेलं अर्धं काम आपल्यासारख्या ठिकाणी जास्त लागतं.

कसं, ते सांगते. १ मे २०२५ पासून ‘एक राज्य, एक ग्रामीण बँक’ या धोरणानुसार देशातल्या २६ ग्रामीण बँकांचं एकत्रीकरण झालं. बँकांची एकूण संख्या ४३ वरून २८ वर आली. आपल्या राज्यात विदर्भ कोकण ग्रामीण बँक आणि महाराष्ट्र ग्रामीण बँक एक झाल्या, आणि नव्या महाराष्ट्र ग्रामीण बँकेचं मुख्यालय आपल्या छत्रपती संभाजीनगरात आहे. एकीची प्रायोजक बँक ऑफ इंडिया होती, दुसरीची बँक ऑफ महाराष्ट्र. दोन खतावण्यांची एक करायची, आणि तीही गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंतची खाती धरून. कुठल्याही विलीनीकरणात हे काम असतंच, आणि ते या लेखातल्या सगळ्या अडचणींची मोठी आवृत्ती आहे : दोन रचना, मधला काळ, आणि पलीकडे गेल्यावर परतीची वाट नाही. अशा वेळी ‘सेवा किती सेकंद थांबली’ हा प्रश्न तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाचा आहे. पहिला प्रश्न : कालच्या दोन बेरजा आणि आजची एक बेरीज जुळते का?

सामायिक भाग कुठवर पसरलाय, हाही प्रश्न आहे. ३१ जुलै २०२४ ला सी-एज टेक्नॉलॉजीज या सेवा पुरवणाऱ्या कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाल्याचं समोर आलं. टीसीएस आणि स्टेट बँक यांची ही संयुक्त कंपनी. एनपीसीआयनं तिचा संपर्क तोडला आणि देशभरातल्या सुमारे ३०० छोट्या बँकांचे पेमेंट व्यवहार दुसऱ्या दिवसापर्यंत थांबले. सहकारी आणि ग्रामीण बँका त्या, आपल्यासारख्या जिल्ह्यांतल्या लोकांच्या. तो पॅचचा प्रसंग नव्हता. पण त्यानं हे दाखवलं की ग्राहकाला जी आपली एक बँक वाटते, तिच्या मागचं काहीतरी ३०० बँकांमध्ये सामायिक असू शकतं. अशा ठिकाणी एक पॅच म्हणजे एका बँकेचा निर्णय राहत नाही. संपर्क तोडण्याचा निर्णय मला योग्य वाटतो, त्याच कारणानं : शंका असताना चालू राहण्यापेक्षा थांबलेलं बरं. एफ-वनमधल्या त्या शहाण्या सर्व्हरसारखं.

फूटपट्टी कोणती?

नुसती टीका करून थांबणं बरोबर नाही. मी माझ्या कामात तीन गोष्टी मोजाव्यात असं म्हणते.

एक, मिश्र काळ. पहिला सर्व्हर नवा झाल्यापासून शेवटचा होईपर्यंतचा वेळ. या काळात ग्राहक काय अनुभवतो बघा. आठांपैकी चार नवे, चार जुने असताना एका कामासाठी पाच विनंत्या लागत असतील आणि प्रत्येक विनंती कुठेही जाऊ शकत असेल, तर पाचही एकाच आवृत्तीकडे जाण्याची शक्यता फक्त सव्वासहा टक्के. बाकीच्या सगळ्यांचं काम थोडं जुन्यानं, थोडं नव्यानं होतं. ग्राहकाला एकाच सर्व्हरला बांधून ठेवता येतं, तसं करतातही. पण खतावणी सामायिकच राहते, त्यामुळे धोका कमी होतो, जात नाही.

दोन, परतीची शेवटची वेळ. कोणत्या क्षणानंतर मागे येता येणार नाही, हे पॅच सुरू करायच्या आधी घड्याळातल्या वेळेसकट लिहून ठेवायचं. तो क्षण महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, पेन्शनच्या किंवा लाडकी बहीण योजनेच्या १५०० रुपयांच्या दिवशी येणार असेल, तर पॅचची तारीख बदलायची.

तीन, ताळा. आधीच्या आणि नंतरच्या बेरजा, खात्यांची संख्या, आणि सातबारा व आठ-अ सारख्या जोडवह्यांची एकमेकींशी जुळणी. जुना कॅशियर संध्याकाळी ताळा जुळल्याशिवाय उठत नसे. संगणक आल्यावर ताळा आपोआप जुळतो असं आपण धरून चाललो. एका आवृत्तीपुरतं ते खरं आहे. दोन आवृत्त्या एकाच वेळी लिहीत असताना ते कोणी सिद्ध केलेलं नाही. रे आणि सहकाऱ्यांनी त्यांच्या डेटाबेसपुरतं ते सिद्ध केलं, हीच त्यांच्या निबंधाची खरी कमाई. गंमत म्हणजे लोकांनी त्या निबंधातून ‘न थांबता’ एवढंच उचललं, ‘न बिघडवता’ हे मागे राहिलं.

शेवटचा मुद्दा संशोधकांपुरता नाही. या लेखात नाइट, आरबीएस, टीएसबी यांचा इतका तपशील मी देऊ शकले, कारण तिथल्या नियामकांनी आणि टीएसबीच्या बाबतीत बँकेनं नेमलेल्या वकिलांनीही तो छापून सर्वांसमोर ठेवला. किती सर्व्हर होते, कोणता राहिला, काय तपासलं नाही, सगळं. आपल्याकडे २४ फेब्रुवारी २०२१ ला मुंबईत नॅशनल स्टॉक एक्स्चेंजचे व्यवहार सकाळी ११:४० ला थांबले आणि दुपारी पावणेचारला सुरू झाले. तेव्हा एक्स्चेंजनं दूरसंचार जोडण्या आणि सामायिक साठवणयंत्रणेबद्दल निवेदन काढलं, हे चांगलंच झालं. शेअर बाजाराला तेवढं मिळतं. बँकेच्या ग्राहकाला मोबाइलवर येतं ते ‘नियोजित देखभालीसाठी सेवा अमुक वेळेत बंद राहील’, आणि काही बिघडलं तर ‘तांत्रिक कारणामुळे’. त्या दोन शब्दांतून आजीला काही कळत नाही, आणि मलाही नाही. देखभाल संपल्यावर आणखी चार ओळी लिहायला काय हरकत आहे? किती सर्व्हर होते, सगळ्यांवर आवृत्ती एकच आहे हे कोणी तपासलं, ताळा किती वाजता जुळला, आणि या काळातल्या तुमच्या व्यवहाराबद्दल शंका असेल तर कोणाला, कोणत्या तारखेपर्यंत विचारायचं.

चौथी ओळ मला सगळ्यात गरजेची वाटते. पहिल्या तीन लिहिल्याशिवाय ती प्रामाणिकपणे लिहिता येणार नाही.